गुत्ते, फेरफार, खरेदी

मराठवाड्यात गुत्तेदार हा वजनदार शब्द आहे. रस्ता, शाळाखोली, पाझर तलाव अशी कामे घेतो तो गुत्तेदार. सोयाबीन काढणीला आले की मजुरांची टोळीही सांगते, "रोजानं नाही येत, गुत्त्यानं घेतो." मग एकराचा भाव ठरतो, किती माणसांनी किती दिवसांत काढायचे ते टोळीचे टोळी बघते. हाच शब्द पुण्याकडे गेला की दारूच्या अड्ड्याला चिकटतो. मूळ एकच. ठरीव रकमेवर काम किंवा उत्पन्न अंगावर घेणे म्हणजे गुत्ते. कन्नडमध्ये आजही कंत्राटाला गुत्तिगे म्हणतात. दारूविक्रीचे गुत्ते लोकांच्या नजरेत जास्त भरले आणि काही भागांत शब्द तेवढ्यापुरताच उरला.

या घोटाळ्यात कोणाचे काही जात नाही. पण कूळ, कब्जा, फेरफार, इसार, खरेदी, हमी, दुष्काळ हे शब्दही असेच दोन-तीन अर्थांनी वावरतात, आणि त्यांतला चुकीचा अर्थ धरला तर शेत जाते. हा आढावा त्यांचाच. तो चारठाण्याच्या अंगाने घेण्याचे कारण म्हणजे या भागात व्यवहाराच्या भाषेचे थर एकावर एक बसलेले आहेत आणि जुना थर अजून बोलण्यातून गेलेला नाही.

चारठाणा हे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यातले, जुन्या मंदिरांसाठी आणि उंच दगडी स्तंभासाठी ओळखले जाणारे गाव. यादवकाळात इथल्या दानपत्रांची आणि करांची भाषा मराठी-संस्कृत होती. पुढे फारसी आली. निजामाच्या राज्यात १८८०च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच्या भाषांतर विभागाने कायद्याच्या शिक्षणासाठी उर्दू परिभाषा रचली. गावात बोलायचे मराठी, तहसिलीत वाचले जायचे उर्दू, सावकाराची वही बहुधा मोडीत. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आले, १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि त्यासोबत मुंबईची परिभाषा आली. ती इंग्रजी कायद्यांवरून मराठीत उतरवलेली होती. म्हणून आजही या भागात संपादित जमिनीच्या पैशाला मावेजा म्हणतात, शासनाच्या कागदावर मोबदला लिहिलेले असते, आणि वकिलाच्या तोंडी त्याच मोबदल्याचा करार कायद्यातला अर्थ असतो: वचनाच्या बदल्यात दिलेली कोणतीही गोष्ट. जालना–नांदेड द्रुतगती मार्गाच्या भूसंपादनात परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या वाट्याला ही सगळी परिभाषा एकदम आली. २०१३च्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्यावर आणखी शंभर टक्के रक्कम मिळते, तिला दिलासा रक्कम असे नाव आहे. बोलीभाषेत दिलासा शब्दांनी दिला जातो. इथे तो आकड्यात मोजायचा हक्क आहे.

पट्टा या शब्दाचे उदाहरण याहून बोलके आहे. हैदराबादच्या १३१७ फसलीच्या, म्हणजे १९०७च्या जमीन महसूल कायद्यात पट्टेदार म्हणजे सरकारदरबारी ज्याच्या नावाने जमीन लागलेली आहे तो, व्यवहारात मालकच. उर्वरित महाराष्ट्रात पट्टा म्हटले की भाडेपट्टा डोळ्यांसमोर येतो, आणि भाडेपट्टेदार हा मालकाच्या बरोबर समोरचा पक्ष. जुने उर्दू कागद घेऊन कज्जा लढणाऱ्या घरातला नातू 'आम्ही पट्टेदार आहोत' असे सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्याने तो शब्द कोणत्या राज्यातला हे आधी विचारायला हवे.

सातबारा हा शेतकऱ्याच्या घरातला सगळ्यात जपून ठेवलेला कागद. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद, अशी ती जोडी. तो जवळून वाचला तर त्यात मालक हा शब्द मुख्य जागी सापडत नाही. तिथे आहे भोगवटादार. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली झाली आणि १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. तिने जमीन प्रत्यक्ष धारण करणाऱ्याला हे नाव दिले आणि त्याचे वर्ग पाडले. वर्ग १ला जमीन विकताना परवानगी लागत नाही, वर्ग २ला लागते. एवढ्या एका आकड्याने जमिनीची किंमत बदलते, पण साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झाल्यावर तो आकडा पाहणारे लोक कमी नाहीत. संहितेचे कलम १५७ सांगते की अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानायची. 'उलट सिद्ध होईपर्यंत' या चार-दोन शब्दांत सगळे आले. नोंद हा पुरावा आहे, मालकीची सनद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. तरी 'सातबारा माझ्या नावावर आहे' हे वाक्य आपल्याकडे भांडणाचा शेवट म्हणूनच उच्चारले जाते.

जुन्या सातबाऱ्यावर याच जागी कब्जेदार छापलेले असे. आज गावात कब्जा केला म्हटले की घुसखोरी कळते. कागदावरचा कब्जेदार मात्र कायदेशीर धारक होता. फेरफाराची गत याहून अवघड. खरेदी, वारस, वाटणी, बोजा यांमुळे अभिलेखात होणारा बदल म्हणजे फेरफार. नमुना सहा ही त्याचीच नोंदवही. पण 'कागदात फेरफार केला' ही वर्तमानपत्रातली बातमी गुन्ह्याची असते. तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस आली की म्हाताऱ्या माणसाला धसका बसतो, कारण त्याच्या कानाला हा शब्द लबाडीचा आहे. त्या धसक्यामुळे तो नोटिशीवर सही करत नाही, किंवा उलट, न वाचता करून टाकतो. हरकतीची मुदत निघून जाते. शब्दाचा अर्थ समजावून सांगायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे कोणी दिली नाहीत की पुढे प्रांताकडे अपील आणि वर्षांची वाट.

आणेवारी तर एकाच कचेरीत दोन कामे करते. सामाईक गटात कोणाचा हिस्सा किती, हे रुपयाचे आणे धरून सांगायचे ती एक आणेवारी. गावचे पीक रुपयात किती आणे आले ती दुसरी. आता तिला पैसेवारी म्हणतात. पन्नास पैशांच्या आत आली तर सवलतींचा विचार, वर गेली तर नाही. एकराचेही असेच. चाळीस गुंठ्यांचा एकर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात, आणि एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठ्याहून किंचित कमी. बोलताना सगळे आरला गुंठाच म्हणतात. शेतात हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही, पण रस्त्यालगतच्या प्लॉटमध्ये तो भिंतीच्या जागेवरून उठतो.

आता कूळ. या एका शब्दात मराठवाड्याचा शेतीचा इतिहास साठलेला आहे. कूळ म्हणजे घराणे. कुळाचार, कुळदैवत हे त्यातून आले. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. आणि सावकाराच्या बोलीत कूळ म्हणजे त्याच्याकडून पैसे घेतलेला माणूस: 'अमुक गावात माझी वीस कुळं आहेत.' तिन्ही अर्थ एकाच माणसात भेटणे हे त्या काळी नवलाचे नव्हते. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९५० साली आला आणि त्याने यांतल्या दुसऱ्या अर्थाला कायद्याचे बळ दिले. ठरावीक मुदत सलग जमीन कसणारे संरक्षित कूळ झाले, त्याला जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. १९५४-५५च्या खासरा पाहणी पत्रकात कोणाचे नाव कोणत्या रकान्यात पडले यावरून मराठवाड्यातले वाद आजही चालतात.

'कसेल त्याची जमीन' ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे. कसणे म्हणजे नांगरणे, पेरणे, राखणे असे ती ऐकणाऱ्याला वाटते. कायद्यातली जातीने कसण्याची व्याख्या वेगळी आहे. स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या श्रमाने कसणे तर त्यात येतेच, शिवाय रोख वा धान्याच्या रूपात मजुरी देऊन नोकरांकडून कसवणे आणि स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावणे हेही जातीने कसणेच. वगळले आहे ते पिकाच्या हिश्श्यावर दुसऱ्याला देणे. म्हणजे वर्षभर सालगडी राबला तर कसणारा मालक. तोच माणूस निम्म्या पिकावर राबला तर कसणारा तो. व्याख्येतला हा सांधा मालकांनी लवकर ओळखला. त्यातून आजची बटई आली: तोंडी, दरवर्षी नवी, कागदावर कुठेही न दिसणारी. काही जण ठोक्याने देतात, म्हणजे पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम आधी. कुळाचे नाव लागेल या भीतीने मालक लिहून देत नाही, आणि लिहिलेले नाही म्हणून बटईदाराला पीककर्ज, विमा, अतिवृष्टीची मदत यांपैकी काही धड मिळत नाही. पंतप्रधान पीक विम्यात भाडेकरारावर शेती करणाऱ्याला भाग घेता येतो, पण त्यासाठी नोंदणीकृत करार लागतो आणि नेमका तोच नसतो. बियाणे त्याचे, घाम त्याचा, नुकसान त्याचे. पंचनाम्यातला शेतकरी दुसराच. मला या आढाव्यातली सगळ्यात मोठी अन्यायाची जागा हीच वाटते, कारण इथे शब्दाचा अर्थ कोणाला न कळल्याने गोंधळ झालेला नाही. दोघांनाही तो नीट कळलेला आहे, म्हणूनच तो लिहिला जात नाही.

शेतकरी हा शब्दही त्याच वळणाने जातो. योजनेच्या अर्जावर शेतकरी म्हणजे ज्याच्या नावे जमीन आहे तो. निंदणी, खुरपणी, वेचणी करणारी बाई सातबाऱ्यावर नाव नसेल तर शेतकरी नसते, शेतकऱ्याची बायको असते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचे आंदोलन केले तेव्हा गावोगावच्या बैठकांत मागणी एवढीच होती की बायकोच्या नावाने थोडी जमीन करा. मालक आणि मालकीण हे शब्द घरात रोज वापरले जातात. त्यांतला एकच कागदावर उतरतो.

इनामांच्या शब्दांकडे थोडक्यात पाहू. निजामी राज्यात निर्वाहासाठी दिलेली मदतमाश, देवस्थान-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेली खिदमतमाश. १९५४च्या कायद्याने बहुतेक इनामे रद्द झाली, पण त्या जमिनी वर्ग २ म्हणून उरल्या, आणि त्या मोकळ्या करायच्या तर नजराणा भरावा लागतो. नजराणा म्हणजे खुशीने दिलेली भेट. इथे ती सक्तीची सरकारी वसुली आहे. २०२४ साली मदतमाश जमिनींसाठी तो बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. देवस्थानाच्या जमिनीत मालक कोण, याचे उत्तर मात्र कायद्याने जुन्या श्रद्धेच्या जवळ ठेवले आहे: मालक देव. कायद्याच्या लेखी देव ही व्यक्ती आहे, जशी कंपनी ही व्यक्ती आहे. पुजारी हा व्यवस्था पाहणारा. त्याचे नाव भोगवटादार म्हणून लावता येत नाही, असे मध्य प्रदेशातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले.

सगळ्यात जास्त जमीन ज्या शब्दाने गिळली तो शब्द खरेदी. गावात 'खरेदी करून दिली' हे वाक्य ऐकले की पुढचा प्रश्न विचारावा लागतो: पक्की की मुदतीची? नड आलेला माणूस सावकाराकडे जातो, सावकार नोंदणी कार्यालयात खरेदीखत करून घेतो आणि तोंडी सांगतो, दोन वर्षांत मुद्दल-व्याज दे, शेत परत करून देईन. देणाऱ्याच्या मनात ते गहाण असते. कागदावर विक्री. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२च्या कलम ५८मध्ये गहाणाचे प्रकार दिले आहेत. ताबा न देता केलेले नजरगहाण, ताबा देऊन केलेले ताबेगहाण, आणि विक्रीच्या रूपातले गहाण, ज्याला आपल्याकडे मुदत खरेदी म्हणतात. या शेवटच्या प्रकाराला १९२९ साली एक अट जोडली गेली: परत देण्याची शर्त त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच ते गहाण मानायचे. वेगळ्या शंभराच्या स्टॅम्पवर लिहिलेले, उशीखाली ठेवलेले कबुलीपत्र गहाण सिद्ध करायला पुरे पडत नाही. अट घालणाऱ्यांचा हेतू खोटे दावे रोखण्याचा होता. परिणाम असा झाला की कायदा जाणणाऱ्याने दोन कागद करायचे आणि न जाणणाऱ्याने दोन्हींवर अंगठा द्यायचा.

न्यायालयांनी ही फट जमेल तेवढी बुजवली. भास्कर वामन जोशी यांच्या प्रकरणात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दस्ताला दिलेले नाव निर्णायक नाही. किंमत वाजवी होती का, ताबा कोणाकडे राहिला, आजूबाजूची परिस्थिती काय होती यावरून पक्षकारांचा हेतू पाहायचा. त्याहून उपयोगाचा निकाल १९८१चा, गंगाबाई विरुद्ध छबुबाई. लेखी दस्ताविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, असा तेव्हाच्या साक्ष अधिनियमाच्या कलम ९२चा नियम होता. पण मुळात हा दस्त विक्री म्हणून अमलात आणायचाच नव्हता, तो कर्जापोटीचा नाममात्र कागद होता, हे सांगायला तोंडी पुरावा चालतो, असे न्यायालयाने म्हटले. नाममात्र खरेदी हा शब्द आपल्या वकिलांच्या तोंडी रुळला तो याच अर्थाने. पुढे महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ने आणखी एक दार उघडले: अवैध सावकारीत बळकावलेली जमीन, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असेल तर, जिल्हा निबंधक चौकशी करून परत देऊ शकतो. दिवाणी दाव्यापेक्षा हा रस्ता स्वस्त आहे. पण अर्जदाराला इथेही तेच सांगावे लागते की मी खरेदी म्हटले होते, माझा अर्थ गहाण होता. त्यासाठी त्याच्याकडे लागते शेतावर राहिलेली वहिवाट, सारा भरल्याच्या पावत्या, व्याज दिल्याची एखादी चिठ्ठी, आणि ज्याच्यासमोर बोलणे झाले असा साक्षीदार. ज्याने यांतले काही जपले नाही, त्याच्यासाठी खरेदी म्हणजे खरेदीच.

साठेखताचे उलट आहे. तिथे घेणाऱ्याची फसगत होते. साठेखत झाले, निम्मे पैसे दिले, म्हणजे जमीन आपली झाली असे त्याला वाटते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५४ म्हणते की विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. मुखत्यारपत्र आणि साठेखतावर जमिनी फिरवण्याची जी पद्धत शहरांभोवती बोकाळली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात विक्री मानायला नकार दिला. इसार आणि उचल यांतला फरकही असाच पैशाचा आहे. दोन्ही आगाऊ दिलेले पैसे. इसार हा सौदा पाळण्याची खूण, म्हणून घेणाऱ्याने माघार घेतली तर तो जाऊ शकतो. उचल ही किमतीचा भाग, ती सहसा परत करावी लागते. १९६९च्या हनुमान कॉटन मिल्सच्या प्रकरणात हाच प्रश्न होता आणि २५ टक्के रक्कम इसार ठरून बुडाली. आपल्याकडच्या इसारपावतीवर मात्र एकाच ओळीत 'इसारापोटी आगाऊ उचल' असे लिहिलेले सापडते. तीन शब्द, दोन परस्परविरोधी परिणाम, खाली दोन सह्या.

मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गेले की शब्द बदलतात, खेळ तोच. पट्टी हा शब्द घ्या. घरपट्टी, पाणीपट्टी म्हणजे कर. उत्सवाला गोळा करतात ती पट्टी म्हणजे वर्गणी. अडत्याकडून मिळते ती पट्टी म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब. या तिसऱ्या पट्टीतही कच्ची आणि पक्की आहे. पक्क्या पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम आणि बाजार समितीचा संबंध दिसतो. कच्ची पट्टी म्हणजे चिठ्ठी. तिच्यावर कडता म्हणून किती किलो कापले ते कधी लिहितात, कधी नाही. व्यापाऱ्याने पैसे बुडवले, शासनाने अनुदान जाहीर केले, की दोन्ही वेळी पक्की पट्टी मागितली जाते.

हमीभाव हा मराठीने तयार केलेला शब्द, आणि तो मूळ संकल्पनेपेक्षा मोठे वचन देतो. सरकारी नाव किमान आधारभूत किंमत. आधार म्हणजे खाली पडू नये म्हणून लावलेला टेकू. हमी म्हणजे न मिळाल्यास भरून देण्याची जबाबदारी. २०२५-२६साठी सोयाबीनची ही किंमत क्विंटलला ५३२८ रुपये ठरली. त्याहून कमी भावात घेतल्याबद्दल मोंढ्यातल्या शेतकऱ्याला फरक मागण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क मात्र नाही. सरकारी केंद्रावर माल न्यायचा तर तो रास्त सरासरी दर्जाचा असावा लागतो आणि त्यात ओलाव्याची मर्यादा येते. सोयाबीनला ती १२ टक्के. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर बराच माल मोंढ्यात गेला होता. हमी या शब्दाला कायद्याचा अर्थ द्या, हीच शेतकरी आंदोलनांची मागणी आहे, आणि ती मला न्याय्य वाटते. इतकी वर्षे तो शब्द भाषणांत वापरून झाल्यावर त्याची जबाबदारी टाळता येणार नाही.

दामदुप्पट या शब्दाचे तर पारडेच फिरले. जुन्या हिंदू कायद्याचा तो ऋणकोला वाचवणारा नियम: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता येणार नाही. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी तो मानला. आता दामदुप्पट म्हणजे पतसंस्थेच्या फलकावरची ठेव योजना. मराठवाड्यात अलीकडे बुडालेल्या संस्थांच्या दारांत उभ्या राहिलेल्या ठेवीदारांनी हा शब्द फक्त याच अर्थाने ऐकला होता.

साल म्हणजे तरी कोणते? सालगड्याचे साल गुढीपाडव्याला भरते. व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते. महसुली वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै, कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, बँकेचे वर्ष ३१ मार्चला संपते. 'या साली फेडतो' हे वाक्य चैत्रात म्हटले तर शेतकऱ्याच्या मनात पुढची सुगी असते. बँकेने मात्र त्याला थकबाकीदार लिहून टाकलेले असते.

आणि दुष्काळ. शब्दकोशात पाहिले तर अन्न-पाण्याची टंचाई. शासनाच्या लेखी तो जाहीर झाल्याशिवाय नसतो. २०१५मध्ये मराठवाडा करपत असताना कागदावर 'दुष्काळसदृश परिस्थिती' होती. मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण चालू असताना २०१६च्या मे महिन्यात तिच्या जागी दुष्काळ हा शब्द आला. २०२५च्या सप्टेंबरमध्ये उलटे झाले. नद्या फुटल्या, माती वाहून गेली, आणि गावोगावी मागणी उठली की ओला दुष्काळ जाहीर करा. दुष्काळ संहितेत असा शब्दच नाही, हे उत्तर मुख्यमंत्र्यांनी दिले. त्याचबरोबर दुष्काळाच्या सवलती लागू करण्याचे मान्य केले आणि ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. चारठाणा हे स्वतः महसूल मंडळ आहे, त्यामुळे तिथल्या पर्जन्यमापकावर पडलेला पाऊस आसपासच्या गावांचा पाऊस ठरतो. एखाद्या शिवारात ढग फुटला आणि मापकावर साठ भरले, तर त्या मंडळात अतिवृष्टी झालेली नसते. खंडाचेही तसेच. जमिनीचा खंड म्हणजे भाडे, पावसाचा खंड म्हणजे उघडीप, आणि २०२३ साली विम्याच्या २५ टक्के आगाऊ रकमेसाठी ती उघडीप २१ दिवसांची मोजली गेली. विसाव्या दिवशी सर आली की जमिनीला दिलासा मिळे आणि विम्याचा दावा संपे.

शब्दाचा अर्थ लोकांच्या बोलण्यावरून घ्यायचा की व्याख्येवरून, यावर न्यायालयांनी बरेच लिहिले आहे. आपल्याजवळचे उदाहरण अकोल्याचे. विड्याची पाने भाजीपाल्यात येतात का, यावर विक्रीकर अवलंबून होता. वनस्पतिशास्त्राने पान ही वनस्पतीच. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की बाजारात जाणारा माणूस आणि विकणारा माणूस ज्याला भाजी म्हणतो ती भाजी, आणि पानाला कोणी भाजी म्हणत नाही. अमेरिकेतल्या न्यायालयाने १८९३मध्ये याच कसोटीने टोमॅटोला फळाऐवजी भाजी ठरवले होते. खोबरेल तेल केसांचे की खाण्याचे, हा वादही असाच अनेक वर्षे चालला. डिसेंबर २०२४मध्ये लहान पुड्यांतले शुद्ध खोबरेल हे खाद्यतेल मानण्याच्या बाजूने निकाल लागला. म्हणजे कर भरायचा असतो तेव्हा न्यायालय बाजाराची बोली ऐकते. शेतकऱ्याच्या दस्तात मात्र त्याची बोली ऐकवण्यासाठी त्याला साक्षीपुरावा आणावा लागतो. तशी सोय आहे. साक्ष अधिनियम १८७२च्या कलम ९८नुसार स्थानिक, प्रांतिक, जुन्या किंवा विशिष्ट अर्थाने वापरलेल्या शब्दांचा अर्थ दाखवायला पुरावा देता येत असे, आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यानेही ही तरतूद ठेवली आहे. बटई, ठोका, गुत्ते, मुदत खरेदी या शब्दांसाठी तालुक्याच्या न्यायालयात ती किती वेळा वापरली जाते, याकडे तरुण वकिलांनी लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते.

मराठी परिभाषेचे काम आपल्याकडे कमी झालेले नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राजव्यवहारकोशाने सुमारे १४०० दरबारी शब्दांना पर्याय दिले. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ला राजभाषा अधिनियम आला, न्यायव्यवहार कोश निघाला, १९९८ साली कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी करण्याचा आदेश झाला. उच्च न्यायालयात संविधानाच्या कलम ३४८मुळे अधिकृत पाठ इंग्रजीच राहिला. या सगळ्या कामाची दिशा एकच होती: इंग्रजी शब्दाला मराठी शब्द. उलट दिशेचे काम राहून गेले. मराठवाड्यातल्या माणसाने बटई म्हटले तर कायद्यात ते काय, मावेजा म्हटले तर कोणते कलम, नाममात्र खरेदी म्हटले तर कोणता पुरावा, हे सांगणारा जिल्हावार कोश आजही नाही. तो उर्दू वाचणाऱ्या जुन्या अर्जनविसांकडून, मोडी जाणणाऱ्यांकडून, मापाड्यांकडून आणि बटईदारांकडून विचारून करावा लागेल. ही माणसे वयाने मोठी आहेत, त्यामुळे उशीर परवडणारा नाही.

तोवर एक साधी गोष्ट करता येते. दस्तात नुसता शब्द न लिहिता व्यवहार लिहावा. 'इसार दिला' याऐवजी: एवढे पैसे दिले, घेणाऱ्याने माघार घेतली तर यांतले एवढे परत मिळतील, देणाऱ्याने घेतली तर एवढे. 'बटईने दिले' याऐवजी: बियाणे कोणाचे, खत कोणाचे, वाटा किती, विमा कोणाच्या नावे, मदत आली तर कोणाची, आणि मुदत कोणत्या तारखेला संपते. 'मुदत खरेदी' असेल तर परत देण्याची शर्त, रक्कम आणि तारीख त्याच दस्तात, सहीच्या वर. लिहून झाल्यावर तो मजकूर सही करणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावा आणि त्याच्याच तोंडून ऐकावा, की त्याला काय समजले.